दारिद्र्याचा दोष कोणाच्या माथी?



गेल्या वैशाखी पौर्णिमेस जयसिंगपुरातील एका वस्तीत वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि मंडळी सतरंजीवर निवांत बसली असता एका मामा-भाच्यांत जो वाद झाला, तो आमच्या कानी आला. भाचा शिकलेला, नोकरीस लागलेला, वस्ती सोडून दुसऱ्या गल्लीत भाड्याने राहावयास गेलेला. मामा हमाल. भाचा म्हणाला, "मामा, बाबासाहेबांनी एवढं करून ठेवलं, तरी आपली वस्ती होती तिथंच आहे. यात दुसऱ्या कुणाचा काय दोष? दिवस मावळला की माणसं दुकानाकडं निघतात. आपणच आपलं वाटोळं केलंय." मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, मी चाळीस वर्षं पोती वाहिली. त्या दुकानाची पायरी कधी चढलो नाही, हे तुझ्या आईला विचार. मग माझ्या घरावर पत्राच का राहिला?"

भाच्यापाशी उत्तर नव्हते. सभेत बसलेल्या दुसऱ्या कोणापाशीही नव्हते. हे पाक्षिक ज्या घरांत जाते त्यांपैकी बहुतेक घरांत हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा राहिलेला आहे. म्हणून आज त्याविषयी मोकळेपणाने लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात तयार मिळतात. गरीब हा आपल्या करणीने गरीब, हे पहिले. सारे समाजाने केले, आपल्या हाती काहीच नाही, हे दुसरे. पहिले उत्तर ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांस आवडते. दुसरे, खरे सांगावयाचे तर, आपल्यापैकी पुष्कळांस आवडते.

पहिल्या उत्तराची ओळख आपणांस जुनी आहे. गतजन्मीच्या पापाने या जन्मी हीन कुळ आणि दारिद्र्य वाट्यास येते, असे आपल्या आजा-पणज्यांस शिकविण्यात आले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी गतकर्माच्या या सिद्धान्ताचा नेमका उपयोग कोणास होतो हे उघड करून दाखविले आहे. गरिबाच्या स्थितीची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर पडू नये, यासाठीच तो सिद्धान्त उपयोगी पडतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. ज्या दिवशी आपण धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण हे ओझे खाली ठेवले. आता तेच ओझे नव्या कापडात बांधून कोणी आपल्या डोक्यावर ठेवू पाहील, तर ते ओळखता आले पाहिजे. पूर्वी गतजन्मीचे पाप म्हणत, आता याच जन्मीचा आळस म्हणतात. माथा मात्र तोच.

जयसिंगपूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. हे गाव जुने नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ साली कोल्हापूर–मिरज लोहमार्गावर ही व्यापारपेठ वसविली. रस्ते सरळ, चौक काटकोनात, गल्ल्यांस नावांऐवजी क्रमांक. जुन्या खेड्यास वेस असते, गावकूस असते, आणि गावकुसाबाहेर कोणी राहावयाचे हे शेकडो वर्षे आधीच ठरलेले असते. या पेठेस गावकूसच नव्हते. मग येथे तरी जन्मावरून माणसाची जागा ठरावयास नको होती. परंतु शहर नवे असले तरी त्यात येणारा माणूस जुन्या गावातून येतो, आणि येताना जे त्याच्याजवळ असते तेच घेऊन येतो. कोणी पिढीजात पैसा आणि ओळखीपाळखी घेऊन आला, त्याने तंबाखूची, शेंगांची, गुळाची अडत मांडली. कोणी रिकाम्या हाताने आला, त्याने पोते उचलले. अडतीवर बसावयास भांडवल लागते, ओझे उचलावयास केवळ पाठ लागते. दोघेही कष्ट करीत होते. पण एकाचे कष्ट साठत गेले, दुसऱ्याचे रोजच्या रोज संपत गेले.

हा रिकामा हात कोठून आला? तो आळसातून आला नाही. महार वतन म्हणजे काय होते हे नव्या पिढीस नीट ठाऊक नसावे. थोडीशी वतनी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करावयाची, आणि ती सोडून दुसरा उद्योग करू पाहिला तर जमिनीवर पाणी सोडावयाचे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली ही वतने खालसा करून जमिनी त्या त्या माणसांच्या नावे रयतावा करून दिल्या. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात याच प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले; वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. एका बाजूस १९१८ आणि दुसऱ्या बाजूस १९५८. या चाळीस वर्षांच्या अंतरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या अंगच्या गुणांत काय फरक होता? फरक होता तो राज्यकर्त्यात.

शहरात तरी जात सुटली काय? मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या भागातील सहस्रावधी माणसे गेली. त्या गिरण्यांत जास्त मजुरीचे खाते विणकामाचे. पण धोट्यातील कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा स्पृश्य कामगार हाती धरावयास तयार नसत. त्या एका कारणास्तव विणकाम खात्याचे दार आपल्या माणसांस बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला होता. त्या काळच्या कोणा माणसाने व्यसन सोडले असते, पै पै साठविली असती, तरी तो कताईखात्यातून विणकाम खात्यात गेला नसता.

आणि स्वतः बाबासाहेब? उद्योगाचे, निग्रहाचे त्यांच्याहून मोठे उदाहरण आम्ही कोठून आणावे? परळच्या चाळीतील एवढ्याशा खोलीत राहून ज्याने अभ्यास केला, तो कोलंबिया आणि लंडन पाहून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्या शहरात त्यास राहावयास खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांस बाहेर काढण्यात आले. ज्या वर्षी शाहू महाराज जयसिंगपूर वसवीत होते, त्याच वर्षी ही गोष्ट घडली. केवळ कर्तृत्वाने सर्व दारे उघडतात असे सांगणाऱ्याने या प्रसंगाचे उत्तर आधी द्यावे.

त्यानंतरचीही एक गोष्ट आपल्या घराशी जवळची आहे. १९५६ साली धम्मदीक्षा झाली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांस लागू नव्हत्या. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या सवलती आधी मिळू लागल्या, तरी केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल यावे लागले. मधली चौतीस वर्षे ज्यांनी अर्ज केले आणि ज्यांचे अर्ज परत आले, त्यांची मुले आज वस्तीत आहेत. त्यांस आळशी म्हणणे सोपे आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग दुसरेच उत्तर खरे ठरले. थांबा.

कोल्हापूरची एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. गंगाराम कांबळे नावाच्या इसमास, सवर्णांच्या पाण्यास शिवला म्हणून, सरकारी पागेत मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यास स्वतंत्र धंदा करण्यास सांगून भांडवल दिले, आणि त्याने भर शहरात चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवून गंगारामाच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. ही गोष्ट सांगताना लोक महाराजांच्या मोठेपणापाशी थांबतात. ते मोठेपण होतेच. पण पहाटे उठून चूल पेटविणारा, भांडी लख्ख ठेवणारा, गिऱ्हाईक येत नसतानाही दुकान उघडे ठेवणारा गंगाराम होता, हे आम्ही विसरतो. महाराजांची गाडी बंद दुकानापुढे थांबली असती काय?

याहूनही स्पष्ट बोलणारी गोष्ट म्हणजे महाराजांचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा. तोही १९१७ चाच. त्या कायद्याने शिक्षण मोफत केले. म्हणजे गरिबाच्या वाटेतील धोंडा राज्याने आपल्या खर्चाने दूर केला. आणि त्याच कायद्याने, मुलास शाळेत न पाठविणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळी गरीब घरास एक रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. महाराजांस गरिबांचा कळवळा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरी त्यांनी दंड ठेवला. परंतु क्रम पाहा. आधी शाळा, मग दंड. शाळा न काढता दंड करणारा राजा जुलमी ठरला असता. आणि शाळा काढून, फी माफ करून, दंड न ठेवणारा राजा भोळा ठरला असता. आज आम्हांस उपदेश करणारे पुष्कळ आहेत, ते बहुतेक पहिल्या जातीचे आहेत. त्यांची शाळा कोठे आहे ते दिसत नाही, दंड मात्र रोज ऐकू येतो.

तथागतांच्या उपदेशातही हाच विवेक आहे. सिगालोवाद सुत्त आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितले जाते. संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे त्यात सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, तमाशे, जुगार, कुसंगती आणि आळस. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगास, दोन उद्योगास आणि चौथा आपत्काळासाठी राखावा असेही त्यात आहे. उपदेश उत्तम आहे. मात्र तो ऐकणारा सिगाल हा गृहपतीचा पुत्र होता, हेही ध्यानी असू द्यावे. ज्याची दिवसाची मजुरी दिवसास पुरत नाही, त्याने चार भाग कशाचे करावेत? आणि दुसरे असे की, वस्तीत येऊन सहा द्वारे सांगणारे पुष्कळ सज्जन सुत्त पुरते वाचीत नाहीत. त्याच सुत्तात पुढे मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. चाकरास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. हे शेवटचे पान बाजारपेठेतील दुकानांतूनही वाचले जावे, अशी आमची विनंती आहे.

कूटदन्त सुत्तात तर राजालाच उपदेश आहे. राज्यात चोऱ्या-लुटालूट माजली असता पुरोहित राजास सांगतो की, कर वाढवून किंवा शिक्षा करून ही पीडा जाणार नाही. शेतकऱ्यास बी-बियाणे द्या, व्यापाऱ्यास भांडवल द्या, नोकरास वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामास लागतील. बी राजाने द्यावयाचे, पेरावयाचे शेतकऱ्याने. गृहस्थास एक सुत्त आणि राजास दुसरे. गोंधळ होतो तो राजाचे सुत्त गृहस्थास ऐकविल्याने आणि गृहस्थाचे सुत्त ऐकवून राजास सोडून दिल्याने.

मामांच्या धंद्यातच पाहा. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. जेथे त्याचे मंडळ आले तेथे हमालाची नोंद झाली, मजुरी मालकाच्या मर्जीने हातावर टेकविण्याऐवजी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला. पोते तेच, पाठ तीच. घरात मात्र फरक पडला. पण हा कायदा आकाशातून पडला नाही. हमाल एकत्र आले, वर्गणी दिली, मोर्चे काढले, कामावरून काढून टाकण्याची धमकी सोसली, तेव्हा तो झाला. आणि कायदा असूनही ज्या हमालाने नोंद केली नाही, त्याच्या घरी तो पोहोचला नाही. मामांनी नोंद केली होती की नाही, हे त्या सभेत कोणी विचारले नाही. भाच्याने विचारावयास हवे होते.

आता घरातले बोलू. हे बाहेरच्यांनी ऐकण्यासाठी लिहीत नाही, तरी ऐकले तर हरकत नाही.

दारूविषयी बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट शब्द आहेत. आपण ते उभे राहून, हात जोडून उच्चारले आहेत. परिस्थिती कशीही असो, पगाराच्या दिवशी घरी येणारे पैसे वाटेत कोठे थांबतात हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते, आणि तेथे समाजव्यवस्थेचे नाव पुढे करणे हा बाबासाहेबांच्या नावाचा दुरुपयोग आहे. मात्र येथेही भाच्याने अर्धेच पाहिले. पिणारा वस्तीतला असतो. दुकानाचा परवाना वस्तीने दिलेला नसतो. तो सरकारने दिलेला असतो आणि त्यावर सरकार महसूल घेते. भगिनींनो, परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी स्त्री मतदारांनी लेखी मागणी केल्यास मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीस मत दिले तर दुकान बंद होते. पुष्कळ गावांतील स्त्रियांनी हे करून दाखविले आहे. नवऱ्यास समजाविणे आणि मतदानाचा अर्ज भरणे, ही दोन्ही कामे एकाच सायंकाळी होऊ शकतात.

पूर्वी आपण जत्रेच्या बकऱ्यासाठी कर्ज काढीत होतो. दीक्षेने ते कर्ज सुटले. त्या जागी दुसरे आले नाही ना, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. बौद्ध विवाहविधीस काय लागते? तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, दोन पुष्पमाला, शुभ्र वस्त्रे आणि त्रिशरण-पंचशील. तरी मंगल कार्यालय, वाजंत्री आणि जेवणावळी यांसाठी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज डोक्यावर घेतले जाते, आणि मग एकीचा हप्ता चुकला की गटातल्या साऱ्या जणींच्या दारी वसुलीवाला उभा राहतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कानठळ्या बसविणाऱ्या भिंती उभ्या करण्यास जी वर्गणी जमते, तिच्यातून वस्तीत अभ्यासिकेची एक खोली आणि दोन दिवे वर्षभर चालतील. ज्यांस हे कडू वाटेल त्यांनी आम्हांस अवश्य पत्र लिहावे, आम्ही छापू.

आणि तरीही, सर्व काटकसर करून चार पैसे साठविलेल्या घराचे काय होते तेही पाहिले पाहिजे. २०१९ साली कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्यात हाहाकार झाला. २०२१ साली पुन्हा पाणी आले. ज्याचे घर पक्के आणि उंचवट्यावर, त्याच्या भिंतीस ओल आली. ज्याचे घर सखल जागी आणि मातीचे, त्याची सारी बचत एका रात्रीत गेली. दोघांनीही तेवढीच काटकसर केली असेल. उंचवट्यावरची जागा काटकसरीने मिळत नाही. ती वडिलांकडून मिळते किंवा सरकारकडून. घरकुलासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकरिता रमाई आवास योजना आहे. परंतु घर बांधावयास आधी पायाखालची जागा आपल्या नावे लागते. मामांच्या पत्र्याचे उत्तर बहुधा येथे आहे. चाळीस वर्षे ज्या जागेवर ते राहिले ती त्यांच्या नावे नाही.

शिकून वर आलेल्यांविषयी दोन शब्द अवश्य आहेत. मार्च १९५६ मध्ये आग्रा येथे बाबासाहेबांनी, शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, ही वेदना भर सभेत बोलून दाखविली होती. आमचा तो भाचा वाईट मनुष्य नाही. तो वंदनेस येतो, हेच पुष्कळ. परंतु वस्ती सोडताना त्याने कचेरीत अर्ज कसा करावा, कोणता कागद कोठे मिळतो, हे ज्ञानही बरोबर नेले, आणि वस्तीत परतताना केवळ उपदेश आणला. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसास आपण केवळ स्वतःच्या बळावर वर आलो असे वाटू लागले की समजावे, तो पहिल्या उत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक झाला.

त्या ज्ञानाची किंमत किती आहे ते नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी लक्षपूर्वक वाचावे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. दीक्षेनंतर मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असले तर पूर्वीची जात वाडवडिलांच्या कागदांवरून दाखवावी लागते. जो गाव सोडून पोटासाठी शहरात आला, ज्याचा आजा शाळेतच गेला नाही, त्याने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कोठून आणावा? ज्यांस शाळेत जाऊ दिले नाही त्यांच्याकडून शाळेचा पुरावा मागणे, ही व्यवस्था आम्हांस अन्यायाची वाटते आणि ती बदलावी यासाठी आम्ही लिहीत राहू. पण ती बदलेपर्यंत मुलीचे प्रवेशाचे वर्ष थांबत नाही. म्हणून मूळ गावी जावे, चुलत घराण्यातील कोणाचा जुना शाळेचा उतारा निघतो का पाहावे, तहसील कचेरीत कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधाव्यात. मुलगी दहावीत गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती पाचवीत असतानाच हे करावे. एका माणसाचे एक-दोन दिवस जातात, मजुरी बुडते. ज्यास पगारी रजा आहे त्याने जावे.

मामांच्या नातीस यंदा अकरावीस प्रवेश घ्यावयाचा आहे आणि तिचा दाखला अद्याप निघालेला नाही. त्या सभेनंतर काही दिवसांनी भाचा मामांकडे गेला, त्यांची पत्र्याची पेटी उघडून एकेक कागद जमिनीवर मांडून पाहिला, आणि मामांच्या चुलत्याच्या नावाचा एक फाटका शेतसाऱ्याचा कागद त्यात निघाला, असे कळते. त्यावर गावाचे नाव वाचता येते. येत्या सोमवारी त्याने रजा टाकली आहे.